गळ्यातला पट्टा

आठ दिवस माझा कुत्रा दादाच्या दोन्ही पोरांच्या पायाशीच झोपला. निघताना दोघं हटून बसली, "आत्या, याला आम्ही नेणार!" दादा हसला. "न्या. पण पळून गेला तर रडायचं नाही. कुत्री पळतातच." तीस वर्षांपूर्वी मलाही त्याने हेच, असंच हसत सांगितलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी कपाटातून चामड्याचा जुना पट्टा काढून दोघांसमोर धरला. "हा माझ्या पिल्लाचा. ते 'पळालं', आणि दुसऱ्या दिवशी पट्टा तुमच्या बाबांच्या दप्तरात सापडला." दादाचा चेहरा उतरला. "अगं, मुलांसमोर काय हे!" धाकटीने बक्कल उघडून पाहिलं. "बाबा, कुत्र्याला हे काढता येत नाही." ती कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बापापासून दोन पावलं मागे सरकली. तीस वर्षं मी याच दोन पावलांची वाट पाहिली.