दुसरं इंजिन

बंद पडलेल्या जुन्या मोटारीत मूळ बनावटीचंच इंजिन बसवायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा हट्ट. "कुठलंही बसवा हो, पण एकदा मला फिरवून आणा," असं बायको म्हणायची आणि तो हसण्यावारी न्यायचा.

बायकोच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तसं त्याने भंगारातल्या एका व्हॅनचं इंजिन आणलं, इंजिन धरून ठेवणारे जुने ब्रॅकेट कापून नवे वेल्ड केले आणि गाडी चालू केली. बायकोला उचलून त्याने शेजारच्या सीटवर बसवलं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"फार अवघड होतं का हो, हे इंजिन बसवणं?" तिने विचारलं.

"नाही गं," त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

तिने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "चला घरी. दमले मी."