चक्रावरची रेघ

रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या भरायच्या चक्रावर, ते फिरताना आतला खटका निळ्या पोलादाला घासून पडलेली केसाएवढी रेघ गेल्या वर्षी पूर्ण वर्तुळ होती. आज आर्डिथने भिंग लावून पाहिलं, तर ती जेमतेम अर्धी उरली होती.

अमेरिकेतल्या टल्सा शहरातलं जुन्या बंदुकांचं प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. रेघ अर्धीच उरल्याचं तिने सांगताच शेजारच्या टेबलावरून वेंडेल ॲपल-पायचा शेवटचा घास चावत आला.

"पॉलिश मारलंस ना, मास्तरीणबाई? मूळ निळाई घालवलीस!"

"माझ्यावर चोरीचा आळ घे, पण हा घेऊ नकोस," ती हसून म्हणाली. रिव्हॉल्व्हरच्या पेटीची किल्ली वर्षभर तिच्याच गळ्यात होती. "हात पूस आणि स्वतःच बघ."

वेंडेल दर वर्षी इथे तिला लग्नाचं विचारी. ती दर वर्षी म्हणे, "आता आपले दिवस किती उरलेत? पुढच्या वर्षी बघू."

"आर्डिथ," भिंगातून बघत तो हळूच म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत ही रेघ आखूड होतेय." आणि लहान पोरासारखा खिदळला.

ती रिव्हॉल्व्हर धरलेल्या त्याच्या हाताकडे बघत होती. तरुणपणी भाजल्याचा त्याच्या अंगठ्यावरचा डाग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तो डाग कडांकडून मिटत आला आणि नाहीसा झाला. वेंडेलला पत्ताही नव्हता.

तिच्या अंगावर काटा आला, तरी आतून हसू फुटत होतं.

"ते खाली ठेवू नकोस, वेंडेल," ती म्हणाली. "आपण लग्न करू या."