रेषेवरची गोळी

नेमबाजीच्या मैदानावरच्या खंदकात त्याने अकरा नंबरचं टार्गेट खाली ओढलं. शेवटची गोळी नुकतीच टाळी वाजावी तशी डोक्यावरून गेली होती. आता वर सगळं शांत होतं. खंदकातून फक्त आभाळाची एक पट्टी दिसायची, आणि तिच्यातला पांढरा ढग सकाळपासून जागचा हललाच नाही असं त्याला वाटत होतं.

खंदकातलं काम साधं. गोळी लागली की टार्गेट खाली ओढायचं, भोक शोधायचं, गुण सांगायचे, जुन्या भोकावर कागद चिकटवायचा आणि टार्गेट पुन्हा वर सोडायचं. कोणतं टार्गेट कोणाचं, हे खंदकात कुणाला सांगत नसत. महिलांच्या या अंतिम फेरीत त्याची मुलगी होती. ते त्याने आधीच खंदकाच्या प्रमुखांच्या कानावर घातलं होतं. साहेब हसले होते. "अहो, पाचशे मीटरवर कोण पालथं पडलंय, हे इथून देवालाही दिसायचं नाही. बसा निवांत."

पण त्याला दिसत होतं. अकरावर दोन गोळ्या पाठोपाठ, मग बराच वेळ काही नाही, मग तिसरी, किंचित डावीकडे. हीच ती. लहानपणी जिनासुद्धा अशीच चढायची, दोन पायऱ्या पळत आणि तिसरीवर उभी. दुपारभर तो त्या भोकांशी मनातल्या मनात बोलत होता. ही घाईची. ही श्वास धरायला विसरली ती. ही कशी शहाण्यासारखी मारलीस बघ! गेली दोन वर्षं ती सरावाच्या शिबिरांतच होती. इतका वेळ दोघं एकत्र बसल्याचं त्याला आठवतही नव्हतं. आता ती पाचशे मीटर लांब होती आणि तो खड्ड्यात होता, तरी तो सुखात होता. माणसाला जे बघायचं असतं ते बरोबर दिसतं.

"सोनं अकराला नाहीतर बाराला," फोन ठेवत साहेब म्हणाले. "बाराचं झालं. या गोळीवर आहे सगळं. किती?"

भोक पाचाच्या वर्तुळाबाहेर होतं. पण अगदी लगटून. नियम असा की भोकाची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचे गुण. त्याने भिंग लावलं. कड टेकली होती. केसाएवढी का होईना, टेकली होती.

गावच्या नेमबाजी क्लबातही गुण तोच मोजायचा, आणि तिथे एकच चर्चा होती, वर्षानुवर्षं. बापच मोजणारा, मग पोरगी पहिली येणार नाही तर काय! तेव्हापासून त्याने तिच्या बाबतीत हात आखडताच ठेवला होता. दहा जणींना सढळ हाताने द्यायचा आणि हिच्या वेळी भिंग पुसत बसायचा. उद्या कुणी तिच्या सोन्याकडे बोट दाखवलेलं त्याला खपलं नसतं.

"रेषेला टेकलीय का?" साहेबांनी विचारलं.

त्याने काळजावर दगड ठेवला. "नाही, साहेब. चार."

साहेबांनी फोनवर चार कळवले; तिकडून कुणी हरकत घेतली नाही. तो भिंतीला टेकून बसला. डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला सांगा, छातीही थोडी फुगली होती. असा बाप शोधून सापडायचा नाही, असंही त्याला वाटून गेलं. ढग अजून तिथेच होता. या खंदकातून उठूच नये, तिच्यासमोर जाऊच नये, असं वाटत तो बसून राहिला.

"बाबा!"

ती धावतच पायऱ्या उतरून आली. अंगात नेमबाजीचं जाड जाकीट, गालावर बंदुकीच्या दस्त्याचा लाल वळ. तिने त्याला मिठीच मारली. "जिंकले हो! गुणपत्रकावर सह्या झाल्या की पदकं देतील. चला लवकर. त्या शेजारणीला शेवटी पाच मिळाले असते ना, तर सोनं तिचं होतं. माझा तर जीव टांगणीला!"

त्याला काही कळेना. "तू कितीवर होतीस?"

"बारावर. का?"

त्याने अकरा नंबरकडे पाहिलं. दुपारभर ज्या पोरीशी तो बोलत होता, ती कुणा दुसऱ्याचीच पोर होती. कोण जाणे, तिचा बाप कुठे बसून वाट बघत असेल. त्याला एकदम उन्हातून घरात आल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधार. मग तो उठला. तो साहेबांपर्यंत गेला.

"साहेब, सह्या थांबवा. अकराची शेवटची गोळी पाच आहे."

साहेबांनी स्वतः भिंग लावलं. बराच वेळ वाकून बघितलं. "आहे खरी टेकलेली. मग मघाशी चार कसे म्हणालात? तुमच्यासारखा माणूस?"

तो मुलीकडे बघू शकला नाही. "मघाशी मला वाटलं, हे हिचं टार्गेट आहे."

सोनं गेलं हे तिला कळलं होतं, साहेब फोन उचलत होते, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बापाकडे बघत होती.

"म्हणजे बाबा," ती हळूच म्हणाली, "आजवर माझे असे किती पाच तुम्ही चार केलेत?"