एकशे चाळीस पाट्या

नोरीन टॉलफसन गाडीखाली उताणी पडली होती आणि प्लास्टिकचा पत्रा दोन्ही तळहातांनी वर दाबून धरून होती. शेजारी तिचा नवरा व्हर्लिन पट्टीनं माप घेत होता. गाडीची पुढची चाकं लाकडी उतरणीवर चढवलेली होती. नोव्हेंबरातला शनिवार होता आणि गराजच्या दाराखालून आलेला वारा फरशीवरून थेट त्यांच्या बरगड्यांना लागत होता.

पत्रा म्हणजे निवडणुकीची पाटी. दोन पातळ थर, मधे पोकळ नळ्या. वजन जवळजवळ नाही, पाण्यानं काही होत नाही, आणि गाडीच्या पोटाखाली सपाट बसवला की वारा कुठं अडत नाही, पेट्रोल कमी लागतं. दर निवडणुकीनंतर गावातले लोक अंगणातल्या पाट्या उपटून व्हर्लिनकडे आणून टाकत. निवडून आलेले आपल्या पाट्या पुढच्या वेळेसाठी ठेवतात, त्यामुळे त्याच्याकडे यायच्या त्या हरलेल्यांच्याच. त्याच्या जुन्या गाडीची पुढची जाळी झाकायला एक शेरीफपदाचा उमेदवार लागला होता, मागची चाकं झाकायला खजिनदारपदाचे दोन. आयोवातल्या त्या गावात तिला ‘पडलेल्यांची गाडी’ म्हणत. व्हर्लिनलाही ते नाव आवडायचं.

या वर्षीच्या पाट्या निळ्या होत्या. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : नोरीन टॉलफसन, शाळा मंडळ.

ती गावच्या शाळेत एकोणीस वर्षं स्वयंपाकीण होती. शाळा बंद करायची की नाही यावर मंडळात दोन मतं एका बाजूला होती, दोन दुसऱ्या. पाचवी जागा मंगळवारी ठरली. नोरीनला एकशे एकतीस मतं पडली, शाळा बंद करण्याच्या बाजूच्या लायलला एकशे अडतीस. लायल ट्रॅक्टर विकायचा. त्यानं गावात एकही पाटी लावली नव्हती. शाळा आता जूनमध्ये बंद होणार होती. नोरीन जूनपर्यंत थांबली नाही. सोमवारपासून ती शहरातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला जाणार होती, रोज अठ्ठावन्न मैल जायचे आणि तेवढेच यायचे. ही गाडी त्यासाठी तयार होत होती.

बुधवारपासून लोक पाट्या आणून देत होते. बहुतेकांनी त्या पुसून आणल्या होत्या. वाईट झालं, असं प्रत्येकजण म्हणाला. मत दिलं होतं, असं म्हणणारे फार थोडे होते. हे नोरीनच्या गुरुवारी लक्षात आलं.

दारातून कुणीतरी आत आलं. समोरच्या घरातली ओपल होती. तिला गाडीखालून बाहेर आलेले चार बूट तेवढे दिसत होते.

“यातले तुझे पाय कुठले गं, नोरीन?”

“ज्यांना भोक पडलेलं नाही ते.”

ओपल हसली. तिनं पाटी भिंतीशी टेकवली, पण ती गेली नाही. नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल थोडं बोलली, थंडीबद्दल बोलली. मग बुटांकडे बघत म्हणाली, “तुझ्यापासून लपवून काय करू? आम्ही दोघं गेलोच नाही मंगळवारी. हार्लनला उठवत नव्हतं. आणि रस्ताभर बघावं तर तुझ्याच पाट्या. मी त्याला म्हटलं, आपल्या दोन मतांवाचून काय अडलंय तिचं.”

“ठेवलीस ना पाटी?” नोरीन खालून म्हणाली. “बरं झालं. एवढीच यायची राहिली होती. एकशे चाळीस झाल्या.”

ओपल गेली. व्हर्लिनच्या हातातली पट्टी मघापासून थांबलेली होती. नोरीन वाट बघत राहिली, पण पट्टी हलली नाही.

पाट्या व्हर्लिननंच रोवल्या होत्या, दोन रविवार खपून, सगळ्या एकशे चाळीस. परत आणायला सोपं जावं म्हणून प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं घराचा नंबर लिहिला होता. मंगळवारी तो दिवसभर इथंच गाडीखाली होता आणि सव्वाआठला जेवायला आत आला. मत दिल्यावर कोटाला लावायला एक गोल स्टिकर देतात. त्याच्या कोटाला तो नव्हता. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला होता, कुठंतरी पडला असेल.

“तो स्टिकर,” ती म्हणाली, “कुठं पडला?”

“धुराच्या नळीपाशी चार बोटं जागा सोडावी लागेल. नाहीतर वितळेल.”

“व्हर्लिन.”

त्यानं पट्टी छातीवर ठेवली.

“आठला बंद होतं. सातला मी घड्याळ बघितलं. म्हटलं, एवढा एक तुकडा कापतो आणि जातो. मग म्हटलं… रस्ताभर तुझंच नाव होतं, नोरीन.”

तिचे हात भरून आले होते. पत्रा बोटभर खाली आला, तो तिनं पुन्हा वर नेला. छपाईची बाजू त्यानं नेहमीप्रमाणे आत केली होती. तिच्या डोळ्यांसमोर कोरी बाजू होती आणि तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं त्यांच्याच घराचा नंबर होता.

“उलटा कर,” ती म्हणाली. “नाव खाली येऊ दे.”

“खडी उडते गं. महिन्याभरात एक अक्षर राहायचं नाही.”

“माहीत आहे.”

त्यानं पत्रा उलटा केला. बावीस स्क्रू बसवायचे होते. शेवटचा बसेपर्यंत तिनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला, जरासुद्धा हलू दिला नाही.