न दिसणारी पेटी

ईरण्णानं चाळीस वर्षं नळदुर्गच्या हायवेवर ट्रक रंगवले. त्याचा लाल रंग लांबूनच ओळखू यायचा. चिमण्यांच्या घरट्यासाठी केलेल्या लाकडी पेटीलाही त्यानं तोच डबा उघडला, तशी लेक शिवप्रिया म्हणाली, "अप्पा, ऑइल पेंटच्या वासानं चिमणी यायची न्हाय. अन् हा लाल कावळ्याला लांबनं दिसंल."

ईरण्णानं डबा बंद केला. पेटी आतनं कोरीच ठेवली. बाहेरनं पाण्यात कालवायचा रंग, दारातल्या कडुलिंबाच्या सालीशी ताडून ताडून लावला आणि पेटी त्याच झाडावर टांगली.

महिन्यानं ओळखीचा ड्रायव्हर पेटी बघायला आला. वरनं पिलांची चिवचिव ऐकू येत होती. त्यानं झाडाभोवती दोन चकरा मारल्या. "ईरण्णा, पेटी दिसंना की रं."

"तुला बी न्हाय दिसली?" ईरण्णानं मिशीला पीळ दिला. "मंग हेच माझं सगळ्यात झ्याक काम."