हरकतीची मुदत

नगरपालिकेची नोटीस शालिनीबाईंच्या फाटकावर लागून आज पंधरावा दिवस. ‘फुटपाथलगत सहा फुटी कुंपण. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.’

कुंपणाचा हट्ट कॅनडातल्या मुलाचा. "आई, एकटी असतेस. कुणीही येऊन भिंतीवर बसतं."

खोटं नव्हतं ते. सकाळी फिरायला येणाऱ्या बायका बुटक्या भिंतीवर टेकून सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या आणि आत शालिनीबाई त्या आवाजांच्या सोबतीनं चहा प्यायच्या. त्यांना वाटलं होतं, नोटीस वाचून एखादी तरी तावातावानं बेल वाजवेल. पण बायकांनी नोटीस वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुकाट्यानं पलीकडच्या बाकावर बसू लागल्या.

शेवटी शालिनीबाई स्वतःच नगरपालिकेत गेल्या. "कुणाची हरकत आली का?"

"एकही नाही, आजी," कारकून म्हणाला. "उद्या परवानगी घेऊन जा."

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून पुढे सरकवला. कारकुनानं तो दोनदा वाचला.

"अहो आजी, अर्ज तुमचाच आणि हरकतही तुमचीच?"

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. "कुणीतरी नको म्हणायला हवं ना!"