अत्तराचा रिमोट
कुठल्याशा दाल्वा नावाच्या बाईचा टीव्हीचा रिमोट रेसिफे शहरातून टपालानं आला, तोही अत्तराचा वास घेऊन. संगणकातल्या लिनक्स प्रणालीला तो ओळखता यावा म्हणून जुरेमा एकेक बटण दाबून नाव सांगत होती आणि नवरा पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यापुढे ते लिहीत होता. “दाल्वा मेल काय गमतीदार लिहिते गं!” तो हसला. “मग तिलाच बोलव की बटणं दाबायला!” “पुढचं सांग.” जुरेमानं आवाज वाढवायचं बटण दाबलं आणि सांगितलं, “टीव्ही बंद.” मनात म्हणाली, ‘कर आता आवाज मोठा, भवाने!’ त्यानं ते काम लिनक्स घडवणाऱ्या जगभरच्या मंडळींना पाठवून दिल्यावर ती फणकारली, “खाली तिचंच नाव घातलंस ना?” “तिचं कशाला? बटणं ज्यानं तपासली त्याचं नाव घालतो आम्ही. चूक निघाली तर लोक त्यालाच धरतात.” जुरेमानं पडद्यावरची शेवटची ओळ वाचली. नाव तिचंच होतं, माहेरच्या आडनावासकट.